आईचं एक मत
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



सत्काराबद्दल आभार. पण सचिव असताना माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक सांगितल्याशिवाय ही शाल मला घेववत नाही. आणि ती सांगायची म्हणजे आईबद्दल बोलावं लागतं.

आईला जाऊन सहा वर्षं झाली. नव्या बिऱ्हाडांना ती ओट्यावरची प्रार्थना घेणारी आजी म्हणून ऐकून माहीत असेल. बाबा लवकर गेले. आपल्या शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांमध्ये जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचं काम तिनं वर्षानुवर्षं केलं. त्याच मजुरीवर आम्ही तिघं शिकलो, त्याच पैशातून हा प्लॉट घेतला. दिवस मावळला की तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना, मग ग्रामगीतेचं वाचन. महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला जाणं तिनं कधी चुकवलं नाही. 4 वाजून 58 मिनिटांनी तिथं लाखो माणसं मौन धरतात, तेव्हा बाजूच्या बाईचा श्वास ऐकू येतो म्हणायची.

आता चूक. 2015 च्या उन्हाळ्यात आपली बोर आटली. वरूड तालुक्यात पाण्याचा अतिउपसा झालेला, संत्र्यासाठी सातशे-आठशे फूट खाली जाणारी माणसं आपल्या आजूबाजूलाच होती. मी सर्वसाधारण सभेत नव्या बोरचा ठराव मांडला. सगळे हात वर. एकच हात विरोधात. माझ्याच घरचा! प्लॉट आईच्या नावावर, त्यामुळं सभासद ती. मी नुसता बिनपगारी सचिव.

"काहून रे बाप्पा," भर सभेत ती म्हणाली, "खाली पाणीच नाही त दुसरं भोक पाडून काय व्हते? शेजारच्या इहिरी तेवढ्या आटतीन. पयले भरा, मंग उपसा."

लोक हसले. मीही हसलो. खरं सांगतो, मला लाज वाटली होती, तिची. घरी आल्यावर चार दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही.

बोर सहाशे फूट गेली. नुसता फुफाटा निघाला. तुमचे सगळ्यांचे पैसे मातीत गेले.

आई चकार शब्द बोलली नाही. सकाळी चहा ठेवला आणि म्हणाली, "आपल्या छपराचं पाणी त्या जुन्या बोरजोळ नेता येईन का, इचारून पाह्य." पहिला पाइप आमच्याच घराचा लागला. दगड, गिट्टी, रेती भरलेल्या खड्ड्याची देखरेख तिची. मग दारोदार फिरून तिनं बाकीच्यांना तयार केलं. काहींनी तोंडावर दार लावलं, तेही आज इथं बसले आहेत. (हसू नका, मी नाव घेत नाही.)

2016 ला वॉटर कप स्पर्धेचं पहिलं वर्ष, त्यात राज्यातले तीनच तालुके, त्यातलं आपलं वरूड एक. स्पर्धा गावांची, आपण नगर परिषदेतले. पण तिचं माहेर तालुक्यातलंच. सत्तरीच्या बाईनं एप्रिल-मे तिकडं काढला. टिकास झेपत नव्हतं, म्हणून समतल चरांतली माती टोपल्यात भरून द्यायची. मी न्यायला गेलो तर म्हणाली, "आलाच आहे त पावडं घे." घेतलं. दोन तासांत हाताला फोड आले. त्या दिवशी चरावर बसून मी तिची माफी मागितली. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पाण्याचा गडवा पुढं केला.

जुनी बोर पुढं जानेवारीपर्यंत चालू लागली. उन्हाळ्यात टँकर अजून लागतो, ते लपवायचं कारण नाही. यंदा तीन घरांचे पाइप तुटलेले आहेत, त्यातलं एक माझं. पावसाच्या आत जोडतो.

आणि ती कोरडी बोर? मशीन गेलं त्याच संध्याकाळी, लेकरू पडू नये म्हणून आईनं आमच्या जुन्या जात्याची तळी लोटत नेऊन तिच्यावर ठेवली होती. आता तिथं पक्कं झाकण आहे, पण तळी तशीच वर आहे. तुम्ही पोरं लपाछपीत राज्य घेताना ज्या दगडावर बसता ना, तोच तो.