हिंदमात्याची खुशाली



विरार-बदलापूरला गेलेले मित्र वर्धापनदिनाला येतात आणि विचारतात, "इकडे काय चाललंय?" म्हणून ही खुशाली.

भोंगा गेला. आपल्या वाडवडिलांना गिरणीच्या साचाखात्यात शिरकाव नव्हता. धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल, ही सबब! १९२८च्या संपात बाबासाहेबांनी त्यावर बोट ठेवले. १९८२च्या संपानंतर तर सगळीच खाती मिटली. आता पोरं कापडदुकानांत, कुरियरवर. बारा-बारा तास.

रविवारच्या वंदनेला महिला भरपूर, पुरुष कट्ट्यावर. पाचवे शील आपण दारूपुरतेच मोजतो. संपानंतर दारूने बसलेली घरे तुम्ही पाहिलीत. पण खिशात तंबाखूची पुडी ठेवून "सुरामेरय" म्हणायचं, हे काही बरं नव्हे. साखरेचा आजार तर घरोघरी. खुद्द बाबासाहेबांना मधुमेहाने पोखरले होते. त्याच शरीराने त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा दिली, आणि दोन महिन्यांच्या आत ते गेले. के.ई.एम. इतकं जवळ असून आपल्याला तपासणीचा कंटाळा!

गाण्याचं विचाराल, तर वर्गणीतून स्पीकरची भिंत उभी राहते. वामनदादा कर्डकांच्या गाण्यातला शब्द न् शब्द माणसाला कळायचा. इथे फक्त छाती धडधडते. बाबासाहेबही व्हायोलिन शिकले होते, हे पोरांना सांगा.

पेटी-ढोलकी आम्ही माळ्यावरून काढली आहे. दर रविवारी वंदनेनंतर तासभर गाणी, चहा बिनसाखरेचा. विरारकरांच्या गाडीचा विचार करून वंदना सहाला सुरू करू.