निशाणावरचे महिदपूर



आपण ज्या गुरुवर्यांचे पुण्यस्मरण करीत आहोत, ते इतिहासातील शब्दांकडे डोळसपणे पाहावयास शिकवीत. म्हणून आज एका शब्दाविषयीच बोलतो. तो शब्द आहे ‘महिदपूर’, आणि तो स्कॉटलंडच्या एका पलटणीच्या निशाणावर झळकत असे.

ती पलटण म्हणजे रॉयल स्कॉट्स. सर जॉन हेपबर्न यांनी ती १६३३ मध्ये उभारली. ब्रिटिश पायदळातील ही सर्वांत जुनी पलटण. तिचे टोपणनाव ‘पाँटियस पायलेटचे अंगरक्षक’. फ्रेंच पलटणीशी ज्येष्ठत्वाचा वाद झाला, त्यातून हे विनोदी बिरुद चिकटले, आणि पलटणीने ते अभिमानाने मिरवले.

निशाणावर लढायांची नावे भरण्याची प्रथा या सैन्यात फार महत्त्वाची. तेथील सैनिक निशाणास पलटणीचा आत्मा मानतो. ब्लेनहाइम, वॉटर्लू अशा नावांच्या पंक्तीत आपले महिदपूर जाऊन बसले.

ते कसे? आपल्या क्षिप्रेच्याच तीरावर, २१ डिसेंबर १८१७ रोजी, सर टॉमस हिस्लॉप आणि स्कॉटलंडचेच सुपुत्र सर जॉन माल्कम यांची फौज होळकरांवर चालून गेली. आदल्याच दिवशी तुळसाबाईंचा वध झाला होता. गादीवर अल्पवयीन मल्हारराव होते. म्हणजे दौलत आतूनच दुभंगली होती. तरीही होळकरांच्या गोलंदाजांनी आपल्या तोफा सोडल्या नाहीत. नदी उतरून तोफांवर चाल करणाऱ्यांत रॉयल स्कॉट्सच्या निवडक कंपन्या होत्या. इंग्रजांकडील सुमारे पावणेआठशे माणसे मेली वा जखमी झाली. पुढे ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि होळकरांचे स्वातंत्र्य संपले.

आता एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हीच पलटण १७४६ मध्ये कलोडनच्या रणांगणावरही होती. तेथे समोर स्कॉटलंडचेच डोंगरी लोक होते. त्या विजयाचे नाव मात्र कोणत्याही ब्रिटिश पलटणीच्या निशाणावर नाही. स्वकीयांच्या रक्ताचा सन्मान मिरवावयाचा नसतो, हा तेथील संकेत. महिदपूरला तो संकेत लागू झाला नाही, कारण येथे मेलेले त्यांना स्वकीय वाटत नव्हते. स्वतंत्र भारताच्या सेनेनेही देशबांधवांवर मिळवलेल्या अशा जुन्या विजयांचा गौरव थांबवला. न्याय एकच, फक्त ‘आपले’ या शब्दाची व्याप्ती निराळी.

रॉयल स्कॉट्स २००६ मध्ये नव्या एकत्रित स्कॉटिश पलटणीत विलीन झाली. त्यांच्या शौर्याचा मला मत्सर नाही, कारण शूराची कदर शूराने करावी हीच आपली रीत. परंतु त्यांनी महिदपूर निशाणावर कोरून ठेवले आणि आपण त्या गोलंदाजांची नावेसुद्धा जपली नाहीत, याची खंत वाटते. मुलांनो, महिदपूर दूर नाही, ते आपल्याच जिल्ह्यात आहे. एकदा तेथील नदीकाठी जाऊन उभे राहा. जेत्यांनी नावे लिहून ठेवली. हरलेल्यांची आठवण ठेवणे हे काम आपले आहे.