गुंटूरच्या इस्पितळाची हकीकत
(धर्मग्रामाच्या जुबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



जुबिलीच्या दिवशीं मागें वळून पाहावें व देवाचे उपकार मोजावे, ही आपली जुनी रीत आहे. मंदिराचा पाया कोणीं घातला, घंटा कोणीं अर्पण केली, पहिली शाळा कोणाच्या ओसरीवर भरली, हें सर्व माझ्या आधींच्या वक्त्यांनीं आपणांस सांगितलें. मला आज्ञा झाली ती रुग्णसेवेवर चार शब्द बोलण्याची. नुसता उपदेश करण्याचा माझा अधिकार नाहीं; म्हणून एका इस्पितळाची हकीकत आपणांपुढें ठेवतों. तें इस्पितळ आपल्या प्रांतांतील नाहीं. तेलुगु मुलखांतील गुंटूर शहरांत असलेलें सेंट जोसेफ इस्पितळ तें हेंच. परंतु त्याची गोष्ट आपल्या अंगणापर्यंत येऊन पोंचते, असें मला वाटतें.

माझ्या आजीची थोरली बहीण बाळंतपणांत गेली. रात्रभर वेणा देऊन पहांटे तिला बैलगाडींत घातलें. वाटेंत ओढ्याला पाणी होतें, गाडी थांबली, आणि तेथेंच सर्व संपलें. आजी ही गोष्ट सांगे तेव्हां कोणासही दोष देत नसे. "त्या काळीं असेंच होतें," एवढेंच म्हणे. हें "असेंच होतें" कोणीं बदललें, हा आजचा माझा विषय आहे.

त्या काळीं आपल्या देशांतील स्त्रियांची अडचण दुहेरी होती. इस्पितळें थोडीं, आणि जीं होतीं तेथें पुरुष डॉक्टर. पडद्यांत राहणारी स्त्री मरण पत्करी, पण परपुरुषाला नाडी दाखवीत नसे. ही अडचण महाराष्ट्रानें फार लवकर ओळखली होती. कल्याण येथें १८६५ सालीं जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचें पहिलें मूल अवघ्या दहा दिवसांचें होऊन गेलें. त्या दुःखांतून त्यांनीं समुद्र ओलांडला व १८८६ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयाची पदवी मिळविली. कोल्हापूरच्या इस्पितळांतील स्त्रीविभाग त्यांच्या हातीं द्यावयाचा ठरलें होतें. पण १८८७ सालीं, बाविसावें वर्षही पुरें होण्यापूर्वीं, त्या पुण्यास निवर्तल्या.

त्याच १८८७ सालीं, हजारों कोसांवर, ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत एका आयरिश वंशाच्या कॅथॉलिक घराण्यांत मेरी ग्लाउरी या कन्येचा जन्म झाला. नऊ भावंडांचें तें घर. सायंकाळच्या प्रार्थनेंत तेथें एक नमो मरिया वेगळी म्हटली जाई, ती चांगले धर्मगुरु व चांगले डॉक्टर लाभावे म्हणून. मुलगी बुद्धिमान निघाली, शिष्यवृत्तीवर शिकली, आणि १९१० सालीं मेलबर्न विद्यापीठाची वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडली. पुढें त्या शहरांत तिनें चांगला जम बसविला. नेत्ररोगांत तिचा हात वाखाणला जाऊं लागला.

सन १९१५ मध्यें एक लहानशी पुस्तिका तिच्या हातीं आली. डॉ. ॲग्नेस मॅकलारेन नांवाच्या बाईचें तें चरित्र होतें. या मॅकलारेनबाई मूळच्या एडिंबरोच्या. त्यांच्या तरुणपणीं स्वदेशांत स्त्रियांस वैद्यक शिकण्याची वाट मोकळी नव्हती, म्हणून त्यांनीं फ्रान्समधील माँपेलिए येथें शिक्षण घेतलें. साठी उलटल्यावर त्या कॅथॉलिक झाल्या. आणि सत्तरी उलटल्यावर, ज्या वयांत आपण अंगणांतून बाहेर पडण्याचा कंटाळा करतों त्या वयांत, रावळपिंडी येथें स्त्रियांसाठीं व मुलांसाठीं इस्पितळ उभारण्याच्या खटपटीस लागल्या. इस्पितळ झालें, पण तेथें कायम राहील अशी डॉक्टर मिळेना.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जुबिलीच्या दिवशीं आपण आपल्या पवित्र सभेचा गौरव करतों. पण खरी कृतज्ञता खरें सांगण्यास भीत नाहीं. त्या काळीं व्रतस्थ भगिनींनीं डॉक्टरी करूं नये, आणि प्रसूतीच्या कामास तर हातच लावूं नये, अशी धर्मसभेची शिस्त होती. व्रताचें पावित्र्य राखावें हा तिचा हेतु. हेतु वाईट नव्हता. पण त्या शिस्तीच्या एका बाजूस सेवेस तयार असलेल्या भगिनी उभ्या होत्या व दुसऱ्या बाजूस मरणाऱ्या माता पडल्या होत्या. मॅकलारेनबाईंनीं बंड केलें नाहीं व त्या गप्पही बसल्या नाहींत. त्यांनीं रोमकडे पुनःपुन्हां विनंति केली. १९१३ सालीं त्या वारल्या. परवानगी त्यांच्या हयातींत आली नाहीं.

ती पुस्तिका वाचून डॉ. मेरी यांस आपला मार्ग दिसला. पण मार्ग दिसणें निराळें व पाऊल टाकणें निराळें. महायुद्ध चालू होतें. चार वर्षांहून अधिक काळ त्या थांबल्या; पण तो काळ त्यांनीं रिकामा घालविला नाहीं. १९१६ सालीं मेलबर्नमध्यें कॅथॉलिक स्त्रियांचा समाजसेवा संघ स्थापन झाला, त्याच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९१९ सालीं त्यांनीं एम. डी. ही वरची पदवी घेतली. त्यांत नेत्रवैद्यकाबरोबर स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र यांचा अभ्यास होता. म्हणजे ज्या गांवाला जावयाचें त्या गांवाचें ओझें त्या आधींच खांद्यावर घेत होत्या. जानेवारी १९२० मध्यें त्यांनीं स्वदेश सोडला व १२ फेब्रुवारी १९२० रोजीं त्या गुंटूरला पोंचल्या.

गुंटूरांत 'येशू, मरिया, योसेफ' या डच संस्थेच्या भगिनी आधींपासून कार्य करीत होत्या. डॉ. मेरी त्याच संस्थेंत दाखल झाल्या व 'पवित्र हृदयाची सिस्टर मेरी' हें नांव त्यांनीं घेतलें. परमगुरुस्वामी पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनीं त्यांना व्रतस्थ राहूनही वैद्यकी करण्याची खास अनुज्ञा दिली. मॅकलारेनबाईंनीं ठोठावलेलें दार एका व्यक्तीपुरतें किलकिलें झालें.

आरंभ काय होता? एक लहानसा दवाखाना. भाषा तेलुगु, ती नवी. उन्हाळा गुंटूरचा, ज्याची कीर्ति आपण ऐकून आहां. आणि दारापुढें रोग्यांची रांग. तेथें त्या पहिल्याच होत्या असेंही नव्हे. आनंदीबाई ज्या विद्यालयांत शिकल्या त्याच विद्यालयाच्या पदवीधर डॉ. ॲना कुग्लर या लुथरन मिशनच्या बाई १८८३ पासून गुंटूरला होत्या, आणि त्यांनीं स्त्रियांचें मोठें इस्पितळ नांवारूपास आणिलें होतें. चांगल्या कामास पंथ नसतो, हें आपण मोकळ्या मनानें म्हणावें. रोग्यांची संख्या मात्र दोन्ही घरांना पुरून उरेल एवढी होती.

सिस्टर मेरी पुष्कळ वर्षें एकट्याच डॉक्टर होत्या. एकटा मनुष्य किती रोगी पाहील? या प्रश्नाचें त्यांनीं जें उत्तर दिलें त्यांतच इस्पितळाच्या वाढीचें मर्म आहे. त्यांनीं तेथील मुलींना शिकविलें. परिचारिका, औषधें तयार करणाऱ्या कंपाउंडर, सुइणी अशा स्त्रिया त्यांनीं त्याच मातींतून तयार केल्या. बाळंतपणांत माता कशानें मरते? रक्तस्रावानें, अडलेल्या प्रसूतीनें, आणि मळक्या हातांनीं आंत गेलेल्या जंतूंच्या तापानें. नाळ गंजक्या विळीनें कापली कीं बालकास धनुर्वात होतो. यांतील पुष्कळसें मरण साबणानें धुतलेला हात, उकळलेलें पाणी आणि वेळेवर 'आतां डॉक्टरला बोलवा' असें सांगणारी जाणती सुईण यांनीं टळतें. तें ज्ञान जिच्या हातीं पडलें ती गांवची मुलगी गांवांत परत गेली, म्हणजे इस्पितळाची एक भिंत तेथपर्यंत सरकली. सिस्टर स्वतःही खेड्यापाड्यांत रोग्यांच्या घरीं जात. देशी वनस्पतींची औषधें त्यांनीं तुच्छ मानलीं नाहींत; पारखून घेतलीं. अशा रीतीनें लहान दवाखान्याचें सेंट जोसेफ इस्पितळ झालें.

इकडे त्या पुस्तिकेंतील रावळपिंडीच्या इस्पितळांत १९२० सालींच दुसरी एक तरुणी आली होती. ती टायरोल प्रांतांतील डॉ. ॲना डेंगेल. एकटीनें हें काम आटपणार नाहीं हें पाहून तिनें १९२५ सालीं वॉशिंग्टन येथें वैद्यकी करणाऱ्या भगिनींची संस्था स्थापन केली. अशा सर्वांच्या सेवेचें व विनंत्यांचें फळ ११ फेब्रुवारी १९३६ रोजीं, लुर्दमातेच्या सणादिवशीं, मिळालें. मिशन प्रांतांतील भगिनींनीं डॉक्टरी व प्रसूतिकार्यही शिकावें, अशी आज्ञा रोमहून निघाली. जी गोष्ट काल मना होती तीच आज कर्तव्य ठरली. विनंति करणारी पहिली बाई तेव्हां तेवीस वर्षें मातीखालीं होती.

सिस्टर मेरींची नजर गुंटूरपुरती नव्हती. देशभर विखुरलेलीं आपलीं इस्पितळें एकमेकांस ओळखत नव्हतीं. २९ जुलै १९४३ रोजीं सोळा भगिनींनीं त्यांच्या पुढाकारानें कॅथॉलिक इस्पितळांचा अखिल भारतीय संघ स्थापिला. आज त्या संघांत साडेतीन हजारांहून अधिक संस्था आहेत, आणि त्यांतील पुष्कळशा जेथें दुसरा दवाखाना नाहीं अशा आडगांवीं आहेत. आपलें एक वैद्यक महाविद्यालय असावें हें सिस्टरांचें दुसरें स्वप्न. तें त्यांनीं पाहिलें नाहीं. ५ मे १९५७ रोजीं बेंगळूर येथें कर्करोगानें त्यांचें देहावसान झालें. आणि त्याच शहरांत १९६३ सालीं सेंट जॉन्स वैद्यक महाविद्यालय सुरू झालें. सदतीस वर्षें या देशांत राबलेल्या या भगिनीस २०१३ सालीं धर्मसभेनें 'देवाची सेविका' म्हणून गौरविलें.

बंधुभगिनींनो, या हकीकतींत मला एक गोष्ट विशेष दिसते. मॅकलारेनबाईंनीं मागितलें, मिळालें दुसऱ्यांस. सिस्टर मेरींनीं स्वप्न पाहिलें, फळलें त्यांच्या मागें. आनंदीबाईंच्या हातीं तर एकही खाट आली नाहीं. इस्पितळाचा पाया घालणारास बहुधा त्याचें छप्पर दिसत नाहीं. तरी पाया घालावाच लागतो.

आतां माझी स्वतःची एक कबुली सांगून संपवितों. गेल्या पावसाळ्यांत आपल्याच एका वाडींत एक वृद्धा तीन दिवस तापानें एकटी पडून होती. मुलें परदेशीं. शेजाऱ्यास वाटलें, ती लेकीकडे गेली असेल. तिचें घर माझ्या मिस्सेच्या वाटेवर आहे. त्या तीनही दिवशीं मी त्या दारावरून गेलों, आणि एकदांही आंत डोकावलों नाहीं. देवकृपेनें ती वांचली. पण मला अजून त्या दाराकडे सरळ पाहवत नाहीं. इस्पितळ दूर नव्हतें, पैका कमी नव्हता. कमी होतें तें दोन पावलें आंत जाणारें माणूस.

म्हणून माझी विनंति अशी. जुबिलीच्या निधींतून रोषणाईवर जो खर्च व्हावयाचा आहे त्याचा निम्मा भाग आपण आजाऱ्यांकरितां बाजूस काढावा. प्रत्येक वाडींतून दोन माणसांनीं, एक स्त्री व एक पुरुष, आपल्या वाडींतील आजारी व एकटीं माणसें आठवड्यांतून एकदां भेटावीं. आणि ज्या घरांत परिचारिकेचें शिक्षण घेण्याची इच्छा असलेली मुलगी आहे व ऐपत नाहीं, त्या घरानें संकोच न करतां पूज्य धर्मगुरूंस कळवावें. हें इस्पितळ नव्हे, हें मी जाणतों. गुंटूरलाही आरंभीं इस्पितळ नव्हतें.

शेवटच्या दिवशीं प्रभु आपणांस मंदिराच्या शिखराची उंची विचारणार नाहीं. मी आजारी होतों तेव्हां तूं आलास काय, एवढेंच विचारील. त्या प्रश्नास या धर्मग्रामानें मान वर करून उत्तर द्यावें, हीच या जुबिलीच्या दिवशीं परमेश्वरापाशीं माझी प्रार्थना.