गर्भाशयातली गाठ: घाई नको, हयगयही नको



सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली, की पोटात गोळाच येतो.
पण ऐका.
फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूत वाढणारी गाठ, बहुतेक वेळा कर्करोगाची नसते.

गाठ आहे, म्हणून ऑपरेशन, असं नाही.
त्रास किती आहे, ते आधी पाहायचं.

पाळीत फार रक्त जातं का?
अंगातलं रक्त कमी झालंय का?
सारखी लघवी लागते का?
त्रास नसेल, तर नुसती नियमित तपासणीही पुरते.
पाळी कायमची थांबल्यावर गाठ सहसा आकसते.

त्रास असेल, तर आधी औषधांचं विचारा.
मूल हवं असेल, तर तसं स्पष्ट सांगा.
फक्त गाठ काढून गर्भाशय राखता येतं.

बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बहिणींचं गर्भाशय तरुणपणीच काढलं गेलं.
2019 साली त्याच्या चौकशीसाठी सरकारला समिती नेमावी लागली.
म्हणून गर्भाशय काढायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.
तो तुमचा हक्क आहे.

आता ऑपरेशननंतरचं.
पोटावर मोठा छेद असेल, तर साधारण सहा आठवडे जपायचं.
दुर्बिणीतून झालं असेल, तर सहसा लवकर बरं वाटतं.
रोज थोडं चाला.
पाण्याची कळशी उचलू नका.
घरच्यांनो, ती कळशी तुम्ही उचला.

ताप आला, जखम चिघळली, रक्तस्राव वाढला किंवा पाय सुजून दुखला,
तर लगेच दवाखाना गाठा.

पुन्हा सांगते.
गाठ पाहून नाही, त्रास पाहून ठरवा.
आणि सगळं विचारूनच होकार द्या.