‘ओके सर’च्या पुढे



संयोजकांनी मला सांगितलं, “तू केंद्रप्रमुख म्हणून काय करतोस ते दहा मिनिटांत सांग.” केंद्रप्रमुख म्हणजे काय, हे इथल्या निम्म्या लोकांना सांगावं लागेल. जिल्हा परिषदेच्या आसपासच्या दहा-बारा शाळा मिळून एक केंद्र होतं. त्या शाळांना भेटी देणं, शिक्षकांना मदत करणं आणि वरची माहिती खाली, खालची वर पाठवणं हे त्याचं काम. दिवस या शेवटच्या कामातच जातो, ते सोडा. मी आज बोलणार आहे ते एकाच उद्योगाबद्दल: शिक्षकांनी आपल्या शिकवण्याबद्दल एकमेकांना लिहावं, यासाठी केलेल्या खटपटीबद्दल.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ असं आम्हाला सांगण्यात आलं. शिक्षकखोली गेली, व्हॉट्सॲपचा ग्रुप उरला. त्यावर काय होतं? परिपत्रकाचा फोटो आणि खाली ‘ओके सर’ची रांग. सकाळी सुविचार, वाढदिवसाला केक. ज्या बाई मधल्या सुट्टीत चहाचा कप हातात घेऊन पाव तास मुलांच्या वाचनाबद्दल तळमळीनं बोलायच्या, त्या इथे हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळ्या.

लोक म्हणतात शिक्षकांना लिहायचा कंटाळा. मला ते पटत नाही. बोललेलं हवेत जातं आणि लिहिलेलं फाइलला लागतं, हे सरकारी नोकरीतला माणूस पहिल्या वर्षातच शिकतो. ग्रुपवर साहेब आहेत. ‘माझ्या चौथीतल्या पाच मुलांना वजाबाकी येत नाही’ असं तिथे कोण लिहील? उद्या त्याचाच स्क्रीनशॉट फिरायचा.

म्हणून साहेबांशिवायचा दुसरा ग्रुप काढला. मीही तसा साहेबांच्याच बाजूचा. मला ठेवायचं का, हे शिक्षकांनाच विचारलं. ठेवलं. नियम तीन. परिपत्रकं नाहीत, फॉरवर्ड नाहीत, आणि कुणी कुणाची वेलांटी सुधारायची नाही. समोर आमच्या मराठीच्या बाई बसल्या आहेत, त्यांची क्षमा मागून सांगतो, हा तिसरा नियम सर्वांत उपयोगी पडला. शिक्षकाचंच ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चारचौघांत लाज जाते, या धास्तीनं कितीतरी जण आधीच्या ग्रुपवर दोन ओळी लिहून पुसून टाकत होते.

चर्चा नुसती रंगली म्हणजे झालं, असंही नाही. जून 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ आलं, तेव्हा आमचा जुना ग्रुप दोन दिवस पेटला होता. विनोद, संताप, भाषा बुडाल्याची ओरड. मजकुराचा पूर आला, पण ‘माझ्या वर्गातली मुलं संख्या वाचताना नेमकी कुठे अडतात’ हे त्यात कुणीच लिहिलं नाही. मतं मागितली की मतंच मिळतात.

नव्या ग्रुपवर मी एका मुलाच्या वहीचा फोटो टाकला, नाव झाकून. 302 वजा 147, उत्तर 245. खाली एकच प्रश्न: या मुलानं काय केलं असेल? संध्याकाळपर्यंत सात जणांनी लिहिलं. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान वजा केला, वरचा-खालचा पाहिलाच नाही. मग एका बाईंनी आपल्या वर्गातली वही टाकली: उत्तर 145. या मुलीनं शतकातून उसनं घेऊन थेट एककाला दिलं होतं आणि मधल्या शून्यापुढे आल्यावर खालचे चार तसेच उतरवले होते. दोन्ही उत्तरं चूक, पण दोघांना समजवायचं ते वेगवेगळं. पहिल्याला घरांचाच अर्थ कळलेला नाही, दुसरीला काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवला की पुरे. हे लिहायला कुणाला मत लागलं नाही, वर्गातलं पाहणं लागलं. आणि ते सगळ्यांकडे होतं.

काही जण तरीही गप्प. ग्रुपवर नाव घेऊन ‘तुम्ही का लिहीत नाही’ असं कधीही विचारू नये, माणूस कायमचा मिटतो. मी फोन करायचो: “परवा तुम्ही अक्षरकार्डांचं सांगितलंत, तेच तसंच टाका.” टाइप करणं जमत नसेल तर फोनशी मराठीत बोला, तो लिहून घेतो. आणि उत्तर दुसऱ्या दिवशी आलं तरी चालेल, हे मुद्दाम जाहीर केलं. कारण पुरुष मंडळींची चर्चा रात्री आठला रंगायची, तेव्हा बहुतेक बाई पोळ्या करत असायच्या.

तरी सगळे लिहीत नाहीतच. जेकब नील्सन यांनी 2006 मध्ये ढोबळ हिशेब मांडला होता की अशा ठिकाणी शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि एकटाच बहुतेक भार वाहतो. नुसत्या वाचणाऱ्यांवर माझा राग नाही. शाळाभेटीला गेलो की त्यांच्या फळ्यावर ग्रुपमधलीच युक्ती दिसते.

मला चिंता होती ती एका गुरुजींची. उभी नोकरी दोनशिक्षकी शाळांत काढली. एकाच खोलीत पहिली आणि तिसरी, एकाच वेळी. ते कसं करतात, हे कुठल्याही प्रशिक्षणात मी ऐकलं नव्हतं, आणि वर्षभरात ते निवृत्त होणार होते. शाल-श्रीफळ देऊन ते सगळं घरी पाठवायचं? त्यांना टाइप करायचं नव्हतं, फोनशी बोलायला संकोच वाटायचा. शेवटी त्यांच्याच शाळेतल्या तरुण शिक्षिकेनं रोज सुट्टीत त्यांना एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर त्यांच्या नावानं टाकायचं, असं ठरलं. दोन महिन्यांनी गुरुजी तिची वाक्यं दुरुस्त करू लागले. तिसऱ्या महिन्यात स्वतः लिहू लागले.

निवृत्त झालं की ग्रुप सोडायची आमच्यात रीत आहे. गुरुजींनी सोडला नाही. मागच्या आठवड्यात एका नव्या बाईंनी विचारलं, “पहिलीतली मुलगी रडते, तिच्यापायी तिसरीचा तास जातो, काय करू?” रात्री गुरुजींचं उत्तर आलं: “तिसरीतली जी अडखळत वाचते, तिला रडणारीजवळ बसवा आणि गोष्ट वाचून दाखवायला सांगा. लहान ऐकते, मोठी वाचायला शिकते.”

वेळ संपली, संयोजक घड्याळ दाखवताहेत.