स्वागताध्यक्षांचे भाषण



अणुवीज आणि तिच्या कचऱ्याच्या सुरक्षिततेवर विचार करणाऱ्या या परिषदेसाठी आपण शास्त्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी रत्नागिरी निवडलीत, हा आमचा मान आहे. लोकमान्यांचा जन्म १८५६ साली इथेच झाला. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ साली इथे बंदिवासात आला आणि १९१६ साली इथेच वारला. त्याचा राजवाडा जरूर पाहा. पण एकाच जागेपुरती सवड असेल, तर आमच्या नगर वाचनालयात जा. ते १८२८ साली सुरू झाले! देशात आगगाडी धावायला तेव्हा पंचवीस वर्षे अवकाश होता. कोकणचा पाऊस, दमट हवा, वाळवी, काय काय सोसून कागद टिकवावा लागतो, ते इथल्या माणसालाच ठाऊक. वर्गणीदार बदलले, ग्रंथपाल बदलले, राज्यही बदलले, वाचनालय राहिले. पुस्तके उन्हे देऊन, झटकून पुन्हा फडताळात लावणाऱ्या त्या माणसांची नावे कुठल्या इतिहासात नाहीत. मी त्यांना इथून नमस्कार करतो.

मी बागायतदार, अणुशास्त्र शिकलेलो नाही. तरी आपला विषय वाचताना मला वाचनालयच आठवले. अणुभट्टीत तयार होणारे प्लुटोनियम-२३९ निम्मे व्हायला सुमारे चोवीस हजार वर्षे लागतात म्हणे. तारापूरला १९६९ पासून वीज होते आहे. वापरलेल्या इंधनातून उपयोगाचे काढून घेतल्यावर उरलेला जहाल कचरा काचेत मुरवून, पोलादी डब्यांत बंद करून देखरेखीखाली ठेवतात. तो कायमचा पुरायला खोल खडकातली जागा आपल्या देशात अजून नाही. फिनलंडने ओल्किलुओटोला चारशे मीटरहून खोल बोगदे खोदले आहेत. आमच्याच जिल्ह्यात, नाटे-माडबन परिसरात, जैतापूरच्या प्रकल्पात सहा अणुभट्ट्या योजलेल्या आहेत. मग त्या डब्यांची नोंद किती पिढ्या, कोण ठेवणार? आणि नाटे गावच्या मच्छीमाराला ती मागताच वाचायला मिळणार का? विजेची गरज मला मान्य आहे, पण या प्रश्नांची उत्तरे आधी हवीत.

आता व्यवस्थेबद्दल. गावात मोठी हॉटेले थोडी, म्हणून काहींची सोय शाळेच्या वर्गांत केली आहे. उकाडा आहे, पंखे कमी पडले. स्टेशन गावापासून लांब, त्यामुळे रात्रीच्या गाडीने आलेल्यांना ताटकळावे लागले. या साऱ्याबद्दल स्वागत समितीच्या वतीने हात जोडून क्षमा मागतो. जेवणात फणसाची भाजी आणि सोलकढी आहे. संकोच न करता मागून घ्या.

पतितपावन मंदिर उभारणाऱ्या भागोजीशेठ कीरांचे हे गाव. इथे दात्याला फार विनवावे लागत नाही. तांदूळ देणारे शेतकरी, आंब्याच्या पेट्या पाठवणारे बागायतदार, मांडववाले, रिक्षावाले, पहाटे चारला चुली पेटवणाऱ्या बचत गटाच्या भगिनी आणि नाव छापू नका असे बजावून देणगी देणारे व्यापारी, या सर्वांचे ऋण मी जाहीरपणे मान्य करतो.

आपल्याकडे मागणे एकच. या परिषदेत जे ठरेल, जे ठरणार नाही आणि ज्यावर मतभेद राहतील, ते सारे माडबनच्या शेतकऱ्याला वाचता येईल अशा मराठीत छापा आणि त्याची एक प्रत आमच्या नगर वाचनालयाला द्या.