अंगावरचे सोने आणि ठेवणीतले सोने



ज्या व्यासपीठावरून आपण वेदान्त ऐकता, अर्थशास्त्र ऐकता, त्यावरून कानातल्या कुड्यांविषयी बोलायला उभे राहणे हे थोडे धाडसाचेच आहे. पण विषय दिसतो तितका लहान नाही. साध्या संसारी माणसाच्या आयुष्यात घरापाठोपाठ जी मोठी खरेदी असते ती सोन्याची. आणि गंमत अशी की, सर्वांत कमी विचारपूस आपण याच खरेदीत करतो. बाजारात भेंडी घेताना तिचे टोक मोडून पाहणारी गृहिणी सराफाच्या गादीसमोर बसली की एकदम अबोल होते. तेथे प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, अशी आपली समजूत आहे. आज मला बोलायचे आहे ते पहिल्या दागिन्याविषयी, आणि तोही रोज अंगावर घालायच्या दागिन्याविषयी.

हा विषय आपल्या भागाला विशेष लागू आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे महापे हे एके काळचे आगरी वस्तीचे गाव. औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आली, कारखाने आले; पुढे मिलेनियम बिझनेस पार्कसारख्या इमारतींतून संगणकाची कार्यालये आली. आता त्याच महापे येथे रत्न व आभूषण निर्यात संवर्धन परिषदेने सुमारे २१ एकर जागेवर दागिन्यांच्या उद्योगाची स्वतंत्र वसाहत योजिली आहे. म्हणजे ज्या गावात दागिना घडायचा आहे, त्याच गावात सकाळी घणसोली-कोपरखैरण्याला गाडीतून उतरून हजारो मुली कामाला जातात. त्यांच्यापैकी कितीतरी जणी पहिल्या काही पगारांतून स्वतःसाठी एखादा डाग करण्याचा बेत मनात ठेवून असतात.

ही गोष्ट आपल्या समाजात नवी आहे. आमच्या आईच्या, आजीच्या अंगावरचा पहिला दागिना तिने निवडलेला नव्हता. तो बारशाला मामाने घातला, लग्नात वडिलांनी घातला किंवा सासरच्यांनी घातला. वजन दुसऱ्यांनी ठरवले, घडण दुसऱ्यांनी ठरवली, आणि पुष्कळदा तो मोडायचा केव्हा हेही दुसऱ्यांनीच ठरवले. आज मुलगी स्वतःच्या कमाईने दागिना घेते तेव्हा प्रथमच निवड तिच्या हाती येते. तेव्हा निवडायचे कसे, हे तिला कोणीतरी नीट सांगायला हवे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपल्या जुन्या घरांत दोन शब्द होते : ‘अंगावरचा दागिना’ आणि ‘ठेवणीतला दागिना’. पहिला रोज घालायचा, दुसरा सणासमारंभाला काढायचा आणि अडीअडचणीला उपयोगी पडायचा. या दोहोंची गल्लत करू नये. पहिला दागिना घेणाऱ्याची फसगत दुकानदार करतो त्यापेक्षा ही गल्लत अधिक करते. घालायलाही हवा, गुंतवणूकही व्हावी, लग्नातही शोभावा आणि कार्यालयातही चालावा, अशा चार अपेक्षा एकाच डागावर लादल्या की तो चारांपैकी एकही पुरी करीत नाही. शेवटी तो कपाटात जातो.

प्रथम सोन्याच्या कसाचा विचार करू. शुद्ध सोने २४ कॅरटचे. ते इतके मऊ की, रोजच्या वापराचा दागिना त्याचा टिकत नाही. म्हणून त्यात तांबे, रुपे असे धातू मिसळतात. २२ कॅरटमध्ये शंभरात ९१.६ भाग सोने, १८ कॅरटमध्ये ७५ भाग आणि १४ कॅरटमध्ये ५८.५ भाग. म्हणजे ५ ग्रॅमची साखळी २२ कॅरटची असेल तर तिच्यात सुमारे ४.५८ ग्रॅम शुद्ध सोने आहे. १८ ची असेल तर ३.७५ ग्रॅम, १४ ची असेल तर सुमारे २.९३ ग्रॅम. जसजशी भेसळ वाढते तसतसा दागिना सहसा कणखर होतो आणि रंगाने फिका पडतो.

१४ कॅरट म्हटले की आपल्याकडील वडीलधारी मंडळी अजून नाक मुरडतात, आणि त्याला कारण आहे. चीनच्या आक्रमणानंतर, १९६३ च्या जानेवारीत, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. परकी चलन वाचावे आणि चोरटी आयात थांबावी, हा हेतू. त्या नियमांनी १४ कॅरटहून अधिक कसाचा नवा दागिना घडवण्यास मनाई केली. परिणाम असा झाला की, पिढ्यान्‌पिढ्या निहाईवर बसलेल्या सोनारांची हातोडी थांबली, घरेच्या घरे उघड्यावर आली आणि लोकांनी ते सोने मनापासून स्वीकारले नाही ते नाहीच. १९६६ मध्ये १४ कॅरटचे बंधन उठले. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत चालला.

आता यातील विनोद पाहा. सरकारने सक्ती केली तेव्हा जे सोने कोणी अंगाला लावून घेईना, तेच आज नोकरी करणारी मुलगी आपखुशीने मागते, कारण तिला रोज घालायला टिकाऊ आणि परवडेल असा डाग हवा असतो. परदेशी जाणारे हिऱ्याचे दागिने आपल्याच मुंबईतले कारागीर अंधेरीच्या सीप्झमध्ये बसून १४ आणि १८ कॅरटमध्ये कितीतरी वर्षे घडवीत आले आहेत. तेव्हा १४ कॅरट वाईट नव्हते. वाईट होती ती सक्ती. बांगडी २२ ची करावी, खडा बसवायची अंगठी १८ किंवा १४ ची करावी. मऊ सोने खड्याला घट्ट धरून ठेवीत नाही. बावनकशी असणे हा माणसाचा गुण खरा, अंगठीचा नव्हे.

‘पण मोडताना काय येईल?’ हा प्रश्न लगेच येतो. तो योग्य आहे, पण तो ठेवणीतल्या सोन्याला विचारावा. हिशेब करून पाहा. समजा, ८ ग्रॅमचा डाग घेतला आणि घडणावळ शेकडा १५ पडली. म्हणजे १.२ ग्रॅम सोन्याची किंमत कारागिरीपोटी गेली, शिवाय कर गेला. मोड देताना ही रक्कम परत मिळत नाही. नक्षी जितकी बारीक तितकी घडणावळ अधिक. तेव्हा ज्याला बचत करायची आहे त्याने घडणावळ कमीत कमी असलेले सोने, वळे किंवा नाणे घेऊन ठेवावे. आणि ज्याला घालायचे आहे त्याने घडणावळीचे पैसे आनंदाने द्यावेत. ते घालण्याच्या सुखाचे मोल आहे. चपला घेताना त्या विकून काय येईल, असे आपण विचारत नाही.

मग पहिला डाग कोणता? माझ्या मते कानातला. कान कशाला घासत नाहीत. हात दिवसभर घासतो. दोन-तीन ग्रॅमच्या साध्या कुड्या किंवा टॉप्स असले तर कानाची पाळी ओघळत नाही आणि साडी असो, पंजाबी पोशाख असो, सर्वांवर शोभतात. फिरकी मात्र दुकानातच स्वतः फिरवून पाहावी. ती सैल असेल तर डाग गाडीच्या गर्दीत गेलाच म्हणून समजा. मळसूत्राचे आटे नीट पडलेले हवेत, आणि मागची दांडी कानाला टोचणारी नको.

दुसरा क्रम गळ्याचा. येथे आपल्या मंगळसूत्राकडून शिकण्यासारखे आहे. काळे मणी आणि दोन वाट्या एवढ्यानेच ते भागते. सोने थोडे, वजन बेताचे, पोटरीपासून गिरणीपर्यंत सर्व कष्टांत अंगावर राहील अशी त्याची रचना. रोजच्या वापराचा दागिना कसा असावा, याची परीक्षा या डागाने केव्हाच दिलेली आहे. साखळी घेताना ती केसाइतकी बारीक घेऊ नये; कड्या झाळलेल्या आहेत की नुसत्या दाबलेल्या, हे विचारावे. फासा उघडून-लावून पाहावा. साखळी तुटते ती बहुधा फाशापाशीच.

अंगठीचा क्रम शेवटी. कारखान्यात, यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगठी घालूच नये; यंत्रात अंगठी अडकली की बोट जाते. ज्यांचे काम टेबलावरचे आहे त्यांनी खुशाल घालावी, पण खडा कोंदणात बसवलेला असावा. नुसत्या आकड्यांनी उंच धरलेला खडा ओढणीत अडकतो, केसांत अडकतो आणि एक दिवस पडतो. हिरा स्वतः सर्वांत कठीण. त्याला धरणारा आकडा तसा नसतो. मोती तर रोजच्या वापराला मुळीच नको. घाम, अत्तर आणि आंबट पदार्थ यांनी त्याचे पाणी जाते. नथ आणि मोत्याच्या कुड्या ठेवणीत शोभतात, त्या तेथेच असू द्याव्यात. आजकाल प्रयोगशाळेत तयार केलेले हिरेही मिळतात. ते हिरेच असतात, पण खाणीतल्या हिऱ्याची किंमत त्यांना द्यायची नसते. तेव्हा कोणता आहे ते पावतीवर लिहून घ्यावे.

आणखी एक सूचना. बोरमाळेसारख्या काही दागिन्यांत सोन्याचा पत्रा पातळ असतो आणि आत लाख भरलेली असते. त्यात फसवणूक नाही, ती जुनी कला आहे. पण लाखेचे वजन सोन्याच्या भावाने देऊ नये. निव्वळ सोने किती, हे विचारावे. तसेच तोळ्याच्या भाषेत व्यवहार करू नये. जुना तोळा ९६ गुंजांचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा, आजची पेठ १० ग्रॅमलाच तोळा म्हणते. ग्रॅममध्ये बोलले की घोटाळा उरत नाही.

आता खात्रीविषयी. पूर्वी कसोटीचा दगड सोनाराच्या हाती असे आणि आपल्या हाती केवळ विश्वास. आता भारतीय मानक ब्यूरोचे हॉलमार्क आले आहे. २०२१ च्या जूनपासून देशातील २५६ जिल्ह्यांत ते सक्तीचे झाले आणि पुढे ही संख्या वाढत गेली. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. डागावर तीन खुणा पाहाव्यात : ब्यूरोचे चिन्ह, कस (२२ साठी ९१६, १८ साठी ७५०, १४ साठी ५८५) आणि तो सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी क्रमांक. सराफाकडे भिंग असते. ते मागून घ्यावे, त्यात संकोच कसला? ‘बीआयएस केअर’ या फोनवरच्या सोयीत तो क्रमांक घातला की डागाची नोंद समोर येते. २०२५ मध्ये ९ कॅरट, म्हणजे ३७५ चा कसही या व्यवस्थेत घेतला गेला. दोन ग्रॅमहून कमी वजनाच्या डागाला मात्र ही सक्ती नाही. नाकातली चमकी घेताना हे लक्षात ठेवावे. आणि ‘केडीएम’ हा शब्द ऐकून निश्चिंत होऊ नये. ते कॅडमियमच्या झाळीचे नाव आहे, शुद्धतेचे नव्हे.

शिक्क्याप्रमाणे कस भरला नाही तर नियमांत भरपाई आहे : कमी पडलेल्या शुद्धतेच्या किमतीची दुप्पट आणि तपासणीचा खर्च. पण ती मागायला हाती पावती हवी.

आणि येथे मी आजच्या विषयाच्या गाभ्याशी येतो. पावतीवर निव्वळ वजन, कस, घडणावळ ही कलमे वेगवेगळी लिहून घ्यावीत. कर चुकवण्यासाठी कच्ची चिठ्ठी घेऊ नये. आणि पावती ज्या मुलीने पैसे दिले तिच्याच नावाची असावी. वडिलांच्या नव्हे, भावाच्या नव्हे, पुढे पतीच्याही नव्हे. आपल्याकडे स्त्रीच्या अंगावरचे सोने हे बोलण्यापुरते तिचे असते. धंद्यात खोट आली, जमिनीचा सौदा निघाला, धाकट्याचे शिक्षण अडले की पहिला हात तिच्या गळ्याकडे जातो. तिने ते आपण होऊन दिले तर तो तिचा मोठेपणा. पण विचारल्याशिवाय घेतले तर तो अन्याय आहे. हिंदू उत्तराधिकाराच्या १९५६ च्या कायद्याने स्त्रीची मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची ठरवली, आणि १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, लग्नानंतर स्त्रीधन सासरी ठेवलेले असले तरी ते तिचेच राहते. कायदा स्पष्ट आहे. अडचण पुराव्याची येते, आणि तिच्या नावाची पावती हा साधा, भक्कम पुरावा आहे.

वापराविषयी दोन शब्द सांगतो. ब्लीचिंग पावडरने फरशी धुताना, पोहण्याच्या तलावात उतरताना डाग काढून ठेवावा. फुटलेल्या तापमापकातल्या पाऱ्याला सोन्याजवळ येऊ देऊ नये. पारा सोन्याला गिळतो. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात सौम्य साबणाने, मऊ कुंचल्याने धुवावा, आणि वर्षातून एकदा सराफाकडून फिरकी, फासा आणि कोंदण तपासून घ्यावे.

भगिनींनो, दागिना किती ग्रॅमचा, यावर त्याची प्रतिष्ठा मोजण्याची सवय आपण सोडली पाहिजे. दोन ग्रॅमच्या कुड्या असतील; पण त्या तिने स्वतः पारखून, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावाने घेतलेल्या असतील आणि सकाळी आरशासमोर उभी राहून ती त्या रोज घालीत असेल, तर तो खरा अंगावरचा दागिना. ठेवणीतले सोने पुढे होत राहील. सुरुवात कानापासून करावी, आणि प्रश्न विचारून करावी.